भिंतीच्या कडेकडेने नऊ दिवस: परदेशातल्या गरिबांसाठी एका कुटुंबाची पदयात्रा

इंग्लंडच्या उत्तर भागात, पूर्वेच्या वॉल्सेंडपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या बोनेस-ऑन-सॉलवेपर्यंत ८४ मैलांची, म्हणजे १३५ किलोमीटरची पायवाट आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या भिंतीला धरून ती जाते. २००३ साली ती राष्ट्रीय पायवाट म्हणून खुली झाली. ओकच्या फळाची खूण बघत चालत राहिलं की सहसा चुकायला होत नाही. परदेशातल्या गरिबांसाठी देणगी गोळा करत चालायला ही वाट फार सोयीची आहे, कारण ‘देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणार’ हे देणगीदाराला एका वाक्यात कळतं.

धडधाकट मोठी माणसं ही वाट सहा दिवसांत संपवतात. दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर नऊ दिवस धरावेत. सहा दिवसांच्या हिशेबात तीन-तीन दिवस २४ किलोमीटरचे येतात आणि मुलांचे पाय दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतात. महिने मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात जमीन पाण्याने फुगलेली असते, बुटाखाली गवत उखडतं आणि खाली गाडलेले रोमन अवशेष उघडे पडतात. म्हणून त्या दिवसांत सलग वाट चालू नये अशी विनंती केलेली असते, आणि देणगीसाठी चालणाऱ्यांनी तरी ती नक्की पाळावी.

निघण्याआधी

आधी पैशाची वाट आखायची, मग पायाची. ज्या संस्थेसाठी चालायचं तिचं नाव चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नोंदवहीत शोधावं, नोंदणी क्रमांक उतरवून घ्यावा आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब उघडून बघावेत. बोधचिन्ह वापरायला लेखी परवानगी मागावी. पत्रकावर संस्थेच्या ‘वतीने’ असं न लिहिता संस्थेच्या ‘मदतीसाठी’ असं लिहावं. कुटुंब संस्थेचं प्रतिनिधी नसतं, आणि हा फरक नियमातही धरला जातो.

पत्रकात गरिबीचे आकडे घालताना जपून. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली. जुना आकडा अजून कित्येक पत्रकांत तसाच फिरतो. हे ३ डॉलर खरेदीशक्तीच्या हिशेबाने, २०२१ च्या किमतींवर काढलेले आहेत. बाजारातल्या विनिमय दराने त्यांचे तिकडचे पैसे करून ‘एवढ्यात तिथे दिवस निघतो’ असं लिहिलं की आकडा सपशेल चुकतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. ‘अमुक गावातल्या विहिरीसाठी’ म्हणून पैसे मागितले की ते त्याच विहिरीला बांधले जातात. विहिरीचे पैसे आधीच जमले, किंवा ते काम रद्द झालं, तर उरलेली रक्कम संस्थेला सहज दुसरीकडे वळवता येत नाही. देणगीदारांना विचारत बसावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक ओळ घालावी: ‘या कामाला लागतील त्यापेक्षा जास्त पैसे जमले, किंवा हे काम होऊ शकलं नाही, तर रक्कम संस्थेच्या इतर कामांसाठी वापरली जाईल.’

मग गिफ्ट एड. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स परत मिळतात, देणगीदाराच्या खिशातून जास्त काही जात नाही. कोणी मैलाला ५० पेन्स कबूल केले तर ८४ मैलांचे ४२ पौंड होतात आणि गिफ्ट एड धरून संस्थेच्या हातात ५२ पौंड ५० पेन्स पडतात. पण त्यासाठी देणग्या नोंदवायच्या तक्त्यात देणगीदाराचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड आणि त्याने स्वतः केलेली खूण लागते. कार्यालयाचा पत्ता चालत नाही. नुसतं ‘शेजारचे काका’ असं लिहिलेल्या ओळीवर एक पेन्सही परत येत नाही. जो कर भरत नाही, त्याच्या पैशावर गिफ्ट एड मागता येत नाही, म्हणून मुलांच्या खाऊच्या पैशाला ही खूण करायची नाही. केक विकून किंवा सोडतीच्या तिकिटांतून आलेल्या पैशालाही नाही, कारण तिथे देणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळालेलं असतं. आणि सगळ्यांचे सुटे पैसे एकत्र करून बाबांनी आपल्या नावाने एकच धनादेश दिला, तर इतरांच्या पैशावर बाबांच्या नावाने गिफ्ट एड मागणं हा चक्क खोटा दावा ठरतो.

राहण्या-खाण्याचा सगळा खर्च कुटुंबाने स्वतः करावा. संस्थेने खर्चाचा काही वाटा उचलला तर आईवडील, भावंडं अशा जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या देणग्या गिफ्ट एडमधून गळतात, आणि पहिल्या देणग्या तर बहुधा त्यांच्याच असतात. ‘प्रवासाचा खर्च आमचा’ हे वाक्य पत्रकावर ठळक असावं.

मैलाच्या हिशेबाने मागायचं की एकरकमी? एकरकमी, आणि शक्यतो आगाऊ. मैलावर कबूल केलेले पैसे नंतर दारोदार जाऊन गोळा करावे लागतात आणि त्यातले बरेच कधी येतच नाहीत. शिवाय दमलेलं मूल ६० व्या मैलावर थांबलं तर ‘आपल्यामुळे पैसे कमी झाले’ हे ओझं त्याच्यावर पडतं. तसं व्हायला नको. मोठ्यांच्या नोकरीच्या ठिकाणी, कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेत कंपनी तेवढीच भर घालते का, हे निघण्याच्या महिनाभर आधी विचारावं. नंतर विचारलं की मुदत गेलेली असते.

सामान: मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. मोठ्या माणसाला २ लिटर पाणी, मुलाला दीड. मोज्यांचे तीन जोड, पायाला चिकटवायची झिंक ऑक्साइड पट्टी, गोचीड काढायचा चिमटा, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. मधल्या भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल४३ हा कागदी नकाशा हवाच, कारण कड्यांवर फोनला रेंज कमी असते. तंबू टाकायचा विचार असेल तर जमीनमालकाची परवानगी लागते. इंग्लंडमध्ये या वाटेवर हवा तिथे तंबू ठोकता येत नाही.

पहिला दिवस: वॉल्सेंड ते न्यूकॅसलचा नदीकाठ, ८ किमी

सुरुवात सेगेडुनम किल्ल्यापाशी. वॉल्सेंड मेट्रो स्थानकावर पाट्या लॅटिनमध्येही आहेत, मुलं तिथेच रमतात. वाट जुन्या रेल्वेमार्गावरून आणि टाइन नदीच्या काठाने, जवळजवळ सपाट. मुद्दाम छोटा टप्पा. बूट कुठे घासतो, पट्टा कुठे काचतो हे आजच कळलं तर शहरात दुकानं हाताशी असतात.

संध्याकाळी २००१ साली खुला झालेल्या मिलेनियम पुलापाशी गर्दी असते आणि तिथे डबा घेऊन उभं राहावंसं वाटतं. ते करू नये. रस्त्यावर पैसे गोळा करायला नगरपालिकेचा परवाना लागतो, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांनी असे पैसे गोळा करायचे नसतात. कोणी आपणहून विचारलं तर पत्रक द्यावं, त्यावर देणगीच्या पानाचा क्यूआर कोड असावा.

दुसरा दिवस: न्यूकॅसल ते हेडन-ऑन-द-वॉल, १६ किमी

पायाला पहिला फोड येतो तो बहुतेक आजच, आणि दोष चढाचा नसून डांबराचा. न्यूबर्नपर्यंत वाट मुख्यतः पक्की आहे. कडक तळव्याचे डोंगरी बूट डांबरावर वाकत नाहीत, टाच आत वरखाली सरकते, त्यात घाम येतो आणि कातडी सुटते. या दोन दिवसांसाठी मऊ तळव्याचे बूट बरे. मुलांना आधीच सांगून ठेवावं की टाचेला ‘गरम’ लागलं की लगेच बोलायचं, पुढच्या बाकापर्यंत कळ काढायची नाही. बूट काढायचा, पाय कोरडा होऊ द्यायचा, पट्टी सुरकुती न पाडता चिकटवायची. यात पाच मिनिटं जातात. ती वाचवली तर पुढचे दोन दिवस जातात.

न्यूबर्ननंतर नदी सोडून चढ लागतो आणि हेडन गावात रुंद भिंतीचा पहिला लांब तुकडा दिसतो, सुमारे ३ मीटर जाडीचा. इथून पुढे रोजचा एक नियम: भिंतीवर चढायचं नाही आणि गवतात एकामागोमाग चालायचं नाही. शेजारी-शेजारी चालावं. रांगेने चाललं की एकाच रेषेत चर पडतो, त्यात पाणी वाहतं आणि पुरातन थर धुपतात.

तिसरा दिवस: हेडन ते पोर्टगेट, सुमारे १५ किमी

आज वाट बहुतेक वेळ बी६३१८ रस्त्याच्या कडेने शेतांतून जाते. या रस्त्याला मिलिटरी रोड म्हणतात. १७४५ च्या जेकोबाइट (गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या) उठावानंतर सैन्य आणि तोफा हलवायला तो बांधला आणि त्यासाठी मैलोन्‌मैल भिंत पाडून दगड रस्त्याच्या पायात घातले. म्हणजे भिंत दिसत नसली तरी ती याच डांबराखाली आहे. रस्ता सरळ आहे, गाड्या भरधाव असतात. ओलांडताना सगळ्यांनी एकदम ओलांडायचा.

कुंपण ओलांडायच्या लाकडी-दगडी पायऱ्या आज पुष्कळ. पावसात लाकूड शेवाळतं, त्यावर तोंड कुंपणाकडे करून उतरावं. गाई वासरांसह असतील तर त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नये, लांबून वळसा घ्यावा. कुत्रा बरोबर असेल तर दोरीला बांधलेला हवा. मात्र गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यायची, कुत्रा निसटतो आणि माणूसही वाचतो.

चौथा दिवस: पोर्टगेट ते चॉलरफर्ड, सुमारे ९ किमी

अंतर कमी, म्हणून देणगीदारांना दाखवायची ‘पाण्याची चाल’ आज ठेवावी. जागतिक मोजमापात पिण्याच्या पाण्याची ‘मूलभूत सोय’ म्हणजे सुधारित स्रोतावर (नळ, हातपंप, झाकलेली विहीर) जाऊन, रांगेत थांबून, परत यायला ३० मिनिटांच्या आत मिळणारं पाणी. जगात कोट्यवधी घरांना तेवढंही मिळत नाही, आणि हे पाणी वाहून आणण्याचं काम मुख्यतः बायका आणि मुलींच्या वाट्याला येतं. संकटकाळात मदतसंस्था माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. चार जणांचं घर म्हणजे ६० लिटर, म्हणजे ६० किलो, म्हणजे २० लिटरच्या पिवळ्या कॅनच्या तीन खेपा.

मोठ्या माणसाने १० लिटरचा, म्हणजे निम्म्या मापाचा कॅन घेऊन एक मैल चालावं. मुलांनी २ लिटरची बाटली. कॅनची प्लॅस्टिकची मूठ बोटांच्या दुसऱ्या पेरावर बसते. पहिल्या दोनशे पावलांत काहीच वाटत नाही, मग पेरं पांढरी पडतात, खांदा एका बाजूला ओढला जातो आणि पाणी आत हिंदकळून प्रत्येक पावलाला कॅन मांडीवर आपटतो. हात बदलला की दुसरी मांडी. कॅन काठोकाठ भरला तर हिंदकळणं कमी होतं, म्हणून १० लिटर न्यायचे तर १० लिटरचाच कॅन घ्यावा, २० चा अर्धा भरून नाही. पाठदुखी असलेल्याने या फंदात पडू नये. शेवटी तळहाताचा जवळून फोटो काढावा. नऊ दिवसांत पाठवलेल्या सगळ्या चित्रांत हे एक चित्र देणगीदाराला सगळ्यात जास्त समजावून सांगतं, आणि त्यात कोणा गरीब माणसाचा चेहरा केविलवाणा करून दाखवावा लागत नाही.

वाटेत हेव्हनफील्डचा लाकडी क्रूस लागतो. पुढे प्लेनट्रीजला रुंद पायावर अरुंद भिंत चढवलेली स्पष्ट दिसते. बांधकाम चालू असतानाच जाडी १० रोमन फुटांवरून कमी केली गेली, त्याची ही खूण. चॉलरफर्डला दुपारीच पोहोचावं, म्हणजे चेस्टर्सचा घोडदळाचा किल्ला आणि नदीकाठचं स्नानगृह बंद व्हायच्या आत बघून होतं.

पाचवा दिवस: चॉलरफर्ड ते स्टील रिग, १९ किमी

वाटेवरचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दमवणारा दिवस. सकाळी आठच्या आत निघावं. सुरुवातीच्या चढानंतर लाइमस्टोन कॉर्नर येतो, भिंतीचं उत्तरेकडचं टोक. इथे खंदक अर्धवट सोडलेला आहे. एका मोठ्या शिळेच्या माथ्यावर पाचरी ठोकायला पाडलेल्या खाचांची रांग आहे. बोट घातलं तर खाचेचा तळ लागतो. खडक डोलेराइटचा, फुटेना, म्हणून कारागिरांनी शिळा तिथेच टाकली. मुलांना बसवून खाऊ द्यायला ही जागा उत्तम.

पुढे कॅरोबर्गला १९४९ मध्ये सापडलेलं मिथ्र देवाचं छोटं मंदिर, मग हाउसस्टेड्सचा किल्ला. तोवर १४-१५ किलोमीटर झालेले असतात आणि खरा कस इथून पुढे लागतो. कडा सरळ नाही, दातेरी आहे. प्रत्येक खिंडीत दगडी पायऱ्यांनी उतरायचं आणि समोर तेवढंच चढायचं. ओला डोलेराइट साबणासारखा निसटतो. वारा कड्यावरून उत्तरेकडे ढकलत असेल तर मुलांना भिंतीच्या दक्षिण अंगाला ठेवावं.

सायकमोर गॅप या खिंडीत आता तिथल्या प्रसिद्ध सायकमोर झाडाचा बुंधाच आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेर एका रात्रीत ते झाड दोघा माणसांनी कापलं, आणि पुढच्याच वर्षी बुंध्याला नवे कोंब फुटले. कुंपणाच्या बाहेरूनच बघावं.

ज्याचे पाय हाउसस्टेड्सला संपले त्याने एडी१२२ ही बस घ्यावी. ती भिंतीला समांतर धावते आणि तिच्या नावात भिंतीचं वर्ष आहे. पण ती हंगामीच असते आणि फेऱ्या मोजक्या, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री कागदावर उतरवून घ्यावं. मूल बसने गेलं तर त्या दिवशीच्या मजकुरात तसं लिहावं. ‘चौघांपैकी तिघे पूर्ण चालले’ असं वाचून कोणी देणगी मागे घेत नाही, पण लपवलेलं कळलं तर विश्वास जातो. मुक्काम द सिल या पर्यटक केंद्राजवळच्या यूथ हॉस्टेलमध्ये. खोल्या बऱ्याच आधी भरतात.

सहावा दिवस: स्टील रिग ते गिल्सलंड, सुमारे १४ किमी

तासाभरात विनशील्ड्स, ३४५ मीटर, सगळ्या वाटेवरचा सर्वोच्च माथा. वारा इथे बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर. वाऱ्याला पाठ हवी असेल तर सगळी वाट उलटी, बोनेसहून चालता येते. पण मैलकिल्ल्यांचे, म्हणजे भिंतीवर दर रोमन मैलाला बांधलेल्या छोट्या गढ्यांचे क्रमांक पूर्वेकडून वाढत जातात, आणि मुलांना आकडे वाढताना बघायला आवडतं. कॉफील्ड्सचा ४२ वा, गिल्सलंडजवळचा पॉल्ट्रॉस बर्नचा ४८ वा. वॉलटाउनच्या जुन्या खाणीपाशी पाणी आणि स्वच्छतागृह आहे.

नेचं आणि उंच गवत आज बरंच. रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला गोचीड बघावी. चिमटा कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिरगाळायची नाही, तेल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा आला तर डॉक्टर.

सातवा दिवस: गिल्सलंड ते वॉल्टन, सुमारे १२ किमी

विलोफर्डला रोमन पुलाचा काठ आज शेतात कोरडा उभा आहे, कारण अर्थिंग नदीच पश्चिमेकडे सरकली. चढून गेलं की बर्डोसवॉल्ड, आणि भिंतीचा सगळ्यात लांब सलग तुकडा. अर्थिंगच्या पलीकडे भिंत मुळात मातीच्या ढेपांची होती, दगड नंतर आला. बँक्सच्या पुढे ती जवळजवळ दिसेनाशी होते.

अर्धी वाट मागे पडली की देणगीच्या पानावर हालचाल थंडावते. पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस पैसे येतात, मधल्या दिवसांत नाही. घाबरायचं कारण नाही, फक्त रोज नुसता निसर्गाचा फोटो टाकू नये. आज एक नेमकी गोष्ट लिहावी: किती जमले, किती उरले, आणि त्यातून संस्था काय करते. मुलांचे फोटो टाकायचे तर मुक्काम सोडल्यानंतर टाकावेत, चालू ठिकाण सांगू नये.

आठवा दिवस: वॉल्टन ते कार्लाइल, १८ किमी

शेतं, गवताळ वाटा, मग ईडन नदी. सोपा दिवस. वाटेत शेतकऱ्यांनी ठेवलेल्या खाऊच्या पेट्या दिसतात, किंमत लिहिलेली आणि पैसे टाकायला डबा. कोणी बघत नाही, म्हणून सुटी नाणी जवळ हवीत. कार्लाइलला मोजे धुवावेत आणि जमलेली रोख रक्कम मोजावी. दोन मोठ्यांनी मिळून मोजायची, आकडा कागदावर, दोघांच्या सह्या. कुटुंबातच काय अविश्वास, असं वाटतं, पण ही सही एकमेकांसाठी नसून देणाऱ्यासाठी आहे.

नववा दिवस: कार्लाइल ते बोनेस-ऑन-सॉलवे, २४ किमी

आज घड्याळ भरतीचं. बर्ग-बाय-सँड्सच्या पुढे डाइक्सफील्डपासून ड्रमबर्गपर्यंतचा रस्ता खाजणातून सरळ जातो आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. भरतीच्या वेळा आदल्या दिवशी बघाव्यात आणि निघायची वेळ त्यावरून उलटी मोजावी. मुलांसह ताशी ४ किलोमीटरहून जास्त धरू नये, थांबे वेगळे. रस्त्यावर पाणी दिसलं तर खोली अजमावत पुढे जायचं नाही, मागे फिरायचं. याच खाजणाच्या काठी १३०७ मध्ये पहिला एडवर्ड राजा स्कॉटलंडवर स्वारीला जाताना मेला.

ड्रमबर्गनंतर पोर्ट कार्लाइल आणि मग बोनेस. गावाच्या कडेला, पाण्यावर बघणारा छोटा मंडप आहे, तिथे वाट संपते. गाव लहान आहे, कार्लाइलला परत जायला बस मोजक्याच. शेवटची चुकली तर टॅक्सीचे बरेच पैसे पडतात, म्हणून मंडपात फोटो काढण्याआधी बसची वेळ बघावी.

घरी पोहोचल्यावर आठवडाभरात रोख रक्कम संस्थेच्या खात्यात भरावी आणि देणगीदारांच्या हस्ताक्षरातला मूळ तक्ता संस्थेला द्यावा, झेरॉक्स नाही. गिफ्ट एडचा दावा त्याच कागदावर उभा असतो. देण्याआधी प्रत्येक ओळीत पोस्टकोड आहे का ते बोट ठेवून तपासावं. जिथे नसेल त्या घरी त्याच संध्याकाळी फोन करावा.